न खाजणारा चट्टा जास्त धोक्याचा? त्वचेवरचे पुरळ आणि डाग असे ओळखा

पावसाळ्यात एटापल्ली तालुक्यात भाताची रोवणी सुरू झाली की दिवसभर पाय चिखलात आणि अंगावर ओले कपडे, हे ठरलेलेच. याच दिवसांत त्वचेच्या तक्रारी वाढतात. खाज सुटली की माणूस औषध शोधतो. न खाजणाऱ्या चट्ट्याकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत आजही कुष्ठरोगाचे रुग्ण सापडतात, त्यामुळे इथे हे दुर्लक्ष महागात पडू शकते.

गजकर्ण

गोल चट्टा, लालसर उंच कडा, मधला भाग त्यामानाने मोकळा आणि भरपूर खाज. जांघ, कंबर, काख या घामाच्या जागी हा बुरशीचा संसर्ग होतो. क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीविरोधी मलम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या थोडे बाहेरपर्यंत लावावे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक ते दोन आठवडे ते सुरू ठेवावे. दुकानातून कुठलीही 'खाजेची ट्यूब' आणू नये. त्यात स्टिरॉइड असेल तर खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि पुढे उपचार अवघड होतो.

खरूज

खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुळ्या येतात आणि बहुतेक वेळा घरातल्या इतरांनाही खाज असते. त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे हे होते. 5 टक्के परमेथ्रिन मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावून सकाळी आंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा लावावे. खाज नसलेल्यांसह घरातल्या सर्वांनी ते एकाच रात्री लावायचे, नाहीतर खरूज फिरून येते. कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. तान्ही बाळे आणि गरोदर महिलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे.

कुष्ठरोगाचा चट्टा

हा फिकट किंवा लालसर असतो. तो सहसा खाजत नाही, दुखत नाही. डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा हलकेच फिरवला तर स्पर्श कळत नाही. अनेकदा तिथे घाम येत नाही आणि केसही विरळ होतात. हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा हीसुद्धा खूण आहे.

बाबा आमटे यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेव्हा या रोगाने माणसाचे घर आणि गाव सुटत असे. आज बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार तो 6 किंवा 12 महिने चालतो. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता लवकरच संपते. मात्र उशिरामुळे नस निकामी झाली, तर बोटांतली ताकद आणि संवेदना परत येईलच असे नाही. म्हणून असा चट्टा दिसताच आशाताईंना दाखवावा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

थांबू नये असे प्रसंग

पुरळासोबत ताप, ओठ किंवा चेहऱ्यावर सूज, श्वास लागणे, तोंडात फोड, अंगावर जांभळे डाग यांपैकी काहीही असल्यास लगेच रुग्णालयात जावे. जंगलात किंवा शेतात जाणाऱ्याला ताप आला आणि अंगावर न दुखणारी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. स्क्रब टायफसची ती खूण असू शकते.