सोळा नंबरच्या संघाने एक नंबरला हरवलं, त्या सकाळची गोष्ट

हा भाग ऐकायचा राहिला असेल तर नेहमीप्रमाणे इथे लिहून काढलाय. बोलताना मध्ये मध्ये येणारे "अं" आणि "म्हणजे" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय कॉलेज बास्केटबॉल. अमेरिकेतलं. एनबीए पाहणारे तुमच्यात बरेच आहेत, तुमचे मेसेज येतात. पण माझं पहिलं प्रेम एनबीए नाही, विद्यापीठांच्या संघांची ती मार्चमधली स्पर्धा. तिला तिकडे 'मार्च मॅडनेस' म्हणतात.

हे वेड मला आतेभावाने लावलं. २०१० साली दादा एमएस करायला तिकडे होता आणि मी सातवीत. त्याने एका क्लिपची लिंक पाठवली. ड्यूक विरुद्ध बटलर, फायनल. ड्यूक म्हणजे बडं घराणं, बटलर म्हणजे इंडियानापोलिसमधलं छोटंसं विद्यापीठ, आणि सामनाही त्याच शहरात. ड्यूक ६१-५९ पुढे. शेवटच्या सेकंदाला बटलरच्या गॉर्डन हेवर्डने जवळजवळ अर्ध्या कोर्टावरून चेंडू फेकला. बोर्डला लागला, रिंगला लागला, बाहेर पडला. संपलं. मी ती क्लिप वीसेक वेळा पाहिली असेल. प्रत्येक वेळी वाटायचं, आता जाईल आत.

नवीन मंडळींसाठी आधी थोडी रचना सांगतो. पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ. सुरुवातीच्या चार सामन्यांत चार संघ गळतात, मग उरलेल्या ६४ संघांचा तक्ता, ज्याला सगळे ब्रॅकेट म्हणतात. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकनं. पहिल्या फेरीत १ नंबरची गाठ १६ नंबरशी, २ नंबरची १५ नंबरशी, असं. हरलात की बॅग भरा. सलग सहा जिंकलात की चॅम्पियन.

लाखो लोक स्पर्धेआधी अख्खा ब्रॅकेट भरून ठेवतात. ६३ सामने, प्रत्येकाचे दोन निकाल, म्हणजे २ चा ६३ वा घात. ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ शक्यता. कोडिंगवाल्यांनो, हा आकडा ओळखीचा वाटला ना? जावातल्या लाँगमध्ये शून्य धरून नेमक्या इतक्याच धन संख्या मावतात. म्हणजे अख्खी स्पर्धा एका व्हेरिएबलमध्ये. हे लक्षात आलं त्या दिवशी मी वर्गात उगाचच खूश होतो. पूर्ण बरोबर ब्रॅकेट कुणी भरल्याची नोंद मात्र नाही. २०१९ मध्ये ओहायोतल्या एका गृहस्थांचे पहिले ४९ सामने बरोबर आले, पन्नासावा चुकला.

आता मुख्य गोष्ट. १७ मार्च २०१८, शनिवार, पाडव्याचा आदला दिवस. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला. हॉस्टेलचं वायफाय असं की व्हिडिओ चालणं शक्यच नाही, म्हणून स्कोअरचं पान रिफ्रेश करत बसलेलो. तिकडे शुक्रवारची रात्र, शार्लट शहरात व्हर्जिनिया विरुद्ध यूएमबीसी. व्हर्जिनिया त्या वर्षी देशात अव्वल, ३१ विजय आणि फक्त २ पराभव. यूएमबीसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी. हे विद्यापीठ त्याच्या बुद्धिबळाच्या संघासाठी नावाजलेलं, आणि आमच्या एका सीनिअरने तिथे एमएससाठी अर्ज केलेला, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. १९८५ मध्ये ६४ संघ झाले तेव्हापासून १ विरुद्ध १६ असे १३५ सामने झाले होते. त्यात १६ नंबरने जिंकलेले सामने शून्य.

हाफटाइमला २१-२१. मला वाटलं पान अडकलंय. रिफ्रेश केलं. २१-२१च. दुसऱ्या हाफमध्ये यूएमबीसीने ५३ गुण ठोकले. जायरस लाइल्स नावाच्या पोराचे एकट्याचे २८. शेवटचा स्कोअर ७४-५४. नुसते जिंकले नाहीत, वीस गुणांनी जिंकले! मी रूममेटला हलवून उठवलं आणि सांगितलं. तो म्हणाला, "कोण व्हर्जिनिया?" आणि कूस बदलून झोपला.

हे झालं कसं? तेव्हा मी चमत्कार म्हणून सोडून दिलं. नंतर कामावर सँपल साइज नावाच्या गोष्टीने पुरेसा छळ केल्यावर डोक्यात प्रकाश पडला. समजा एक संघ दुसऱ्याविरुद्ध कुठलाही एक सामना जिंकण्याची शक्यता ७५ टक्के आहे. एनबीएसारखी सात सामन्यांची मालिका खेळवा, तोच संघ जवळपास ९३ टक्के वेळा जिंकेल. पण मार्चमध्ये मालिका नसते. तसेच सहा सामने सलग जिंकायचे म्हणजे ०.७५ चा सहावा घात, साधारण १८ टक्के. एवढा चांगला संघही पाचपैकी चार वर्षं रिकाम्या हाताने घरी जातो.

त्यात व्हर्जिनियाची खेळायची पद्धत. कॉलेजात शॉट क्लॉक ३० सेकंदांचं, एनबीएत २४. म्हणजे चेंडू हातात आला की टोपलीकडे फेकायला ३० सेकंद मिळतात. व्हर्जिनियाचे कोच टोनी बेनेट यांचा संघ त्यातले बहुतेक सेकंद वापरायचा आणि बचाव तर भिंतच. खेळ इतका संथ की सामन्यात दोन्ही संघांच्या वाट्याला चेंडू कमी वेळा यायचा. बलवान संघाला खरं तर उलटं हवं असतं. जितक्या जास्त पाळ्या, तितका नशिबाचा वाटा कमी. दहा ओव्हरच्या सामन्यात मुंबईला क्लबचा संघ हरवू शकेल, पाच दिवसांच्या सामन्यात अवघड. व्हर्जिनियाने वर्षभर दहा ओव्हरचेच सामने खेळले म्हणा ना. शिवाय त्यांचा डिआंद्रे हंटर मनगट मोडून बाहेर बसलेला. आणि हेही सांगायला हवं, यूएमबीसीची पोरं त्या रात्री जबरदस्त खेळली. सगळं श्रेय गणिताला देणं बरं नाही.

यानंतर लोकांनी बेनेटना सल्ले दिले, वेग वाढवा, पद्धत बदला. ते बदलले नाहीत. पुढच्या वर्षी व्हर्जिनिया पुन्हा १ नंबर, समोर पुन्हा १६ नंबर, आणि पहिल्या हाफमध्ये पुन्हा १४ गुणांनी मागे! तो सामना काढला. मग पर्ड्यूविरुद्ध शेवटच्या क्षणी बास्केट करून ओव्हरटाइम. उपांत्य सामन्यात ऑबर्न दोन गुणांनी पुढे, ०.६ सेकंद बाकी, काइल गायला तीन फ्री थ्रो. तिन्ही आत, ६३-६२. फायनलला टेक्सस टेक, पुन्हा ओव्हरटाइम, ८५-७७. हंटरचे २७ गुण. तिकडे सोमवारची रात्र म्हणजे आपल्याकडे मंगळवारची सकाळ. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट प्रेझेंटेशन होतं आणि मी दाढी न करताच पोचलो.

आता दुसरी सकाळ. १८ मार्च २०२२, धुळवड. पहाटे पावणेपाचच्या सुमारास सामना सुरू, केंटकी विरुद्ध सेंट पीटर्स. सेंट पीटर्स न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचं लहान विद्यापीठ, मानांकन १५, संघाचं नाव पीकॉक्स, म्हणजे चक्क मोर. दादा आता जर्सी सिटीतच राहतो. ज्यांनी नकाशा पाहिलाय त्यांना माहीत असेल, न्यूअर्क अॅव्हेन्यूची इंडिया स्क्वेअर आणि हे विद्यापीठ एकाच भागात. दादा पोहे-फरसाण आणायला जातो तो रस्ता. केंटकी हरली, ओव्हरटाइममध्ये ८५-७९. खाली सोसायटीत पोरं पिचकाऱ्या भरत होती आणि मी गॅलरीतून दादाला फोनवर ओरडत होतो. मग मोरांनी मरे स्टेटला हरवलं, पर्ड्यूला हरवलं आणि शेवटच्या आठात पोचले. १५ नंबरचा संघ तिथे कधीच पोचला नव्हता. तिथे नॉर्थ कॅरोलिनाने त्यांना ६९-४९ हरवलं.

पुढे काय झालं ते ऐका. कोच शाहीन हॉलोवे काही दिवसांत सीटन हॉलला गेले. खेळाडूही पांगले. मिशीवाला डग एडर्ट, ज्याने केंटकीविरुद्ध बेंचवरून येऊन २० गुण केले, तो ब्रायंट विद्यापीठात गेला. पूर्वी विद्यापीठ बदललं तर बहुधा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये तो नियम सैल झाला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवायची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसेही देऊ शकतात.

यावर माझं आणि दादाचं दर मार्चला भांडण होतं. मी म्हणतो, छोट्या कॉलेजने पोरगं घडवायचं आणि मोठ्याने उचलायचं, मग बटलर आणि मोर येणार कुठून? २०२५ ला शेवटच्या सोळा संघांत फक्त चार बड्या कॉन्फरन्सेसचे संघ होते, आणि शेवटचे चारही १ नंबरवाले. दादा म्हणतो, टीव्हीचे अब्जावधी डॉलर इतकी वर्षं कोण घेत होतं? घाम गाळणाऱ्या पोरांना काय, तर शिष्यवृत्ती. एडर्टच्या मिशीवर चिकन विंग्जवाल्यांनी जाहिरातीचा करार केला तो त्याला मिळायला नको होता का? आणि मग हुकमी एक्का काढतो. "तू पाच वर्षांत दोन कंपन्या बदलल्यास ना? हाइकसाठीच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या कंपनीने मला सगळं शिकवलं आणि मी नोटीस पिरियडमध्ये काउंटर ऑफरही घेतली नाही. त्या वीस वर्षांच्या पोरांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, हे कळतं. तरी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, सीझन तोंडावर असताना, या नव्या व्यवस्थेत आपण बसत नाही असं सांगून बेनेट निवृत्त झाले, ती बातमी मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचली आणि चहा तसाच राहिला.

२०२५ च्या ब्रॅकेटमध्ये मी १५ नंबरच्या ब्रायंटवर टिक केलं होतं. मिशिगन स्टेटने त्यांचा धुव्वा उडवला. दादाने व्हॉइस नोट पाठवली, त्यात फक्त हसणं होतं, अकरा सेकंद.

पुढच्या भागात महिलांची स्पर्धा आणि केटलिन क्लार्क. तोवर तुमचा पहिला रात्रजागरणाचा सामना कुठला, ते पाठवा. भेटू.