अपवाद आणि रिवाज

विद्येच्या एखाद्या क्षेत्रात एका स्त्रीने प्रवेश मिळविला, एवढ्यानेच तिच्या मागून येणाऱ्या मुलींची वाट मोकळी होते असे नाही. पहिलीला मिळते ती पुष्कळदा सवलत असते. त्या सवलतीचा रिवाज व्हावयाचा, तर तिला आणखी बरेच कष्ट उपसावे लागतात. आपल्या देशातील दोन रसायनशास्त्रज्ञ विदुषींच्या चरित्रांवरून ही गोष्ट चांगली ध्यानात येते.

कमला भागवत, म्हणजे विवाहानंतरच्या कमला सोहोनी, या लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे प्रवेशासाठी अर्ज केला. गुणानुक्रमात त्या अग्रस्थानी होत्या. तरीही केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या आणि त्यांनी आपला हक्क आग्रहाने मांडला. अखेर एक वर्ष काम पाहून मगच नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता द्यावयाची, अशा अटीवर त्यांना घेण्यात आले. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा त्यांनी कसून अभ्यास केला. रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे अन्य विद्यार्थिनींनाही त्या संस्थेत प्रवेश मिळू लागला.

नंतर केंब्रिज येथे त्यांनी बटाट्यावर प्रयोग केले आणि ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे दाखविले. पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवितात, तेव्हा इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविण्याचे काम हे प्रथिन करते. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. मायदेशी परतल्यावर त्यांनी अध्यापन पत्करले. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले, आणि पुढे त्याच संस्थेच्या त्या संचालिका झाल्या. ज्यांना एकदा संचालकाच्या दारी प्रवेशासाठी झगडावे लागले, त्याच आता संचालकाच्या आसनावर बसल्या.

दुसरे उदाहरण कलकत्त्याचे. असीमा चॅटर्जी यांनी १९४० साली लेडी ब्रेबोर्न या मुलींच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विभाग स्थापन केला. त्यांचे स्वतःचे संशोधन तेव्हा पूर्ण व्हावयाचे होते. भारतीय विद्यापीठाची डी.एससी. मिळविणाऱ्या पहिल्या महिला त्या १९४४ साली झाल्या. वनौषधींवरील त्यांच्या अभ्यासातून अपस्मारावरील ‘आयुष-५६’ हे औषध सिद्ध झाले. १९७५ साली त्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या पहिल्या महिला सर्वाध्यक्षा झाल्या. पण या सन्मानांइतकेच महत्त्व त्या विभागाला द्यावयास हवे. तेथे रसायनशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलीला आपण मुलगी असूनही का आलो, याचे उत्तर कोणास द्यावे लागत नव्हते.

समतेची कसोटी हीच होय. पहिलीला आपली योग्यता दोनदा सिद्ध करावी लागली. दहावीला ती एकदाच करावी लागावी. ही कसोटी शाळेतही लावून पाहता येते. प्रयोगाच्या तासाला परीक्षानलिका मुलांच्या हाती आणि टिपणवही मुलींच्या हाती, अशी वाटणी न सांगता होत असेल, तर ती त्याच दिवशी बदलावी. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.