विश्लेषण : बंदर हलले, घरे आली... हॅम्बुर्गच्या ‘हाफेनसिटी’त पाण्याकाठचे घर नक्की कोणाला मिळते?

जुनी गोदी बंद पडली की तिच्या जागेवर बहुतेक शहरांत एकच चित्र दिसते. गोदामे पाडली जातात, काचेचे मनोरे उभे राहतात आणि ‘वॉटरफ्रंट’ या शब्दाच्या जोरावर घरांच्या किमती आभाळाला भिडतात. जर्मनीतील हॅम्बुर्गने ‘हाफेनसिटी’ हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा तिथेही सुरुवात काहीशी अशीच झाली. मात्र पुढे शहराने जमीन विकण्याची पद्धत बदलली. पूर, आवाज आणि महागाई या तिन्ही प्रश्नांना घराच्या आराखड्यातच उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचे काय करायचे, ही चर्चा अजून संपलेली नसताना हा पाव शतकाचा प्रयोग समजून घ्यायला हवा.

हाफेनसिटी म्हणजे नेमके काय?

हॅम्बुर्ग हे एल्ब नदीवरील बंदर. समुद्र तिथून सुमारे शंभर किलोमीटर दूर असला तरी भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत पोहोचते. शहराच्या मध्यवस्तीला लागून असलेल्या जुन्या धक्क्यांवर एके काळी पोती, पेट्या आणि गासड्या उतरत. १९६०च्या दशकानंतर मालवाहतूक कंटेनरमध्ये गेली. अवाढव्य जहाजांना खोल पाणी आणि मोठी मोकळी मैदाने लागू लागली. बंदर नदीच्या दक्षिण बाजूला सरकले आणि मध्यवस्तीजवळचे धक्के ओस पडू लागले.

१९९७ मध्ये तत्कालीन महापौर हेनिंग फोशराउ यांनी या जागेवर शहराचा नवा भाग वसवण्याची घोषणा केली. २००० मध्ये डच नगररचनाकार केस क्रिस्टियान्से यांच्या सहभागाने तयार झालेला आराखडा मंजूर झाला. क्षेत्र सुमारे १५७ हेक्टर. पूर्णत्वाला गेल्यावर साडेसात ते आठ हजार घरे, सुमारे १५ हजार रहिवासी आणि ४५ हजार नोकऱ्या असा अंदाज आहे. हॅम्बुर्गची मध्यवस्ती यामुळे सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. शेजारची लाल विटांची गोदामनगरी, श्पायखरश्टाट, मात्र पाडली गेली नाही. २०१५ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पैसा कुठून आला आणि किंमत कोणी मोजली?

प्रकल्पाची जमीन प्रामुख्याने शहराच्याच मालकीची होती. ती शहराच्या मालकीच्या एका स्वतंत्र कंपनीकडे सोपवण्यात आली. भूखंड विकून आलेल्या पैशांतून रस्ते, पूल, चौक आणि बागा बांधायच्या. शिवाय नदीपलीकडे आल्टनवेर्डर येथे नवा कंटेनर तळ उभारण्यासाठीही त्यातून मदत करायची, असे मूळ गणित होते. तो तळ २००२ मध्ये सुरू झाला.

या गणिताची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. आल्टनवेर्डर हे मच्छीमारांचे गाव होते. बंदराच्या विस्तारासाठी ते १९७०च्या दशकापासून रिकामे करण्यात आले. शेवटचे रहिवासी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडले. आज कंटेनरच्या रांगांजवळ गावाचे चर्च तेवढे उरले आहे. श्पायखरश्टाटचा इतिहासही वेगळा नाही. १८८३ पासून ती गोदामे बांधताना त्या जागेवरील सुमारे वीस हजार लोकांना घरे सोडावी लागली होती. हाफेनसिटीच्या जागेवर वस्ती जवळपास नव्हती, म्हणून तिथे विस्थापन झाले नाही, एवढाच फरक.

पुराचे काय?

हा भाग शहराच्या मुख्य बांधाच्या बाहेर, म्हणजे नदीच्या बाजूला आहे. फेब्रुवारी १९६२ च्या वादळी पुरात हॅम्बुर्गमध्ये ३१५ जणांचा बळी गेला. ती आठवण शहराच्या मनातून पुसली गेलेली नाही. मग बांधाबाहेर घरे कशी बांधायची?

एक पर्याय होता संपूर्ण परिसराभोवती नवा बांध घालण्याचा. पण तो पूर्ण होईपर्यंत एकही घर बांधता आले नसते आणि भिंतीमुळे पाणीही दिसेनासे झाले असते. म्हणून उत्तर समुद्रकाठच्या शेतकऱ्यांची जुनी युक्ती वापरण्यात आली : घर उंचवट्यावर बांधायचे. इमारती आणि नवे रस्ते समुद्रसपाटीपासून साधारण आठ ते नऊ मीटर उंचीवर नेले गेले. जुने धक्के साडेचार ते साडेपाच मीटरवर होते तसेच ठेवून तिथे फिरण्याची जागा केली. उंचवट्याच्या पोटात मोटारींचे तळघर आले. त्याच्या तोंडाशी आणि खालच्या पातळीवरील दुकानांना पोलादी पूरदारे बसवली.

ही दारे आपोआप बंद होत नाहीत. लगतच्या इमारतींच्या मालकांनी एकत्र येऊन पूररक्षणाची मंडळे करायची आणि इशारा मिळाला की नेमलेल्या माणसांनी दारे लावायची, अशी व्यवस्था आहे. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत पाण्याची टाकी धुण्यावरून वाद होतात. तिथल्या कामांच्या यादीत पूरदारांची देखभालही असते. डिसेंबर २०१३ मधील वादळात पाणी सहा मीटरच्या वर गेले. खालचे धक्के बुडाले, वरची घरे कोरडी राहिली. अशा वेळी अग्निशमन दलाला आत-बाहेर करता यावे म्हणून उंच पूलमार्गही आधीच बांधलेला होता.

रोजचे राहणे कसे आहे?

जाहिरातीतील पाणी शांत असते. कामाचे बंदर शांत नसते. नदीपलीकडे जहाजे रात्रीही भरली-उतरवली जातात. त्यावर उपाय म्हणून इथे एक खास खिडकी वापरली गेली. ती ‘हाफेनसिटी खिडकी’ याच नावाने ओळखली जाते. थोडी उघडी ठेवली तरी झोपण्याच्या खोलीत रात्रीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास राहावा, अशी तिची रचना आहे. खिडकी कायमची बंद करून वातानुकूलन लावणे सोपे होते, पण हवा आत येणे हा राहणाऱ्याचा हक्क मानला गेला.

वाऱ्यावर मात्र असा उपाय सापडलेला नाही. उंच इमारतींमधून नदीवरचा वारा जोरात घुसतो आणि हिवाळ्यात मोकळे चौक बोचरे होतात. पहिल्या टप्प्यातील रहिवाशांना झाडांची सावली कमी आणि दगडी फरशी जास्त मिळाली, ही टीका सतत झाली. प्रवासी जहाजांच्या धुराचीही तक्रार होती. धक्क्यावर उभ्या जहाजांना इंजिन बंद ठेवता यावे म्हणून किनाऱ्यावरून वीज देण्याचा मार्ग शहराने पुढे धरला.

सोयी टप्प्याटप्प्याने आल्या. पहिल्या इमारतींत लोक २००५ च्या सुमारास राहायला आले. शाळा २००९ मध्ये सुरू झाली. जागेच्या टंचाईमुळे तिचे खेळाचे मैदान गच्चीवर आहे. भुयारी रेल्वेची नवी मार्गिका २०१२ मध्ये पोहोचली आणि २०१८ मध्ये पूर्वेकडील टोकापर्यंत वाढली. रेल्वे येणार हे आधीच ठरलेले असल्याने पूर्वेकडील नव्या भागात मोटारींच्या जागा दर घरामागे अर्ध्याहूनही कमी ठेवता आल्या.

तळमजल्यांचा नियमही महत्त्वाचा आहे. मोक्याच्या रस्त्यांवर तळमजला सुमारे पाच मीटर उंच ठेवायचा आणि तिथे घरांऐवजी दुकान, उपाहारगृह किंवा लोकांच्या वापराची जागा द्यायची. लोकवस्ती कमी होती तोवर दुकाने चालवणे कठीण गेले, पण तळमजला कुंपणामागे गेला नाही. सुमारे साडेदहा किलोमीटरचा पाणकाठ सर्वांना चालण्यासाठी खुला आहे. कोट्यवधींचे घर घेणाऱ्याच्या बाल्कनीखालून कोणीही, कधीही, विनाविचारणा जाऊ शकतो.

मग हा श्रीमंतांचा महाल ठरला का?

पहिल्या दशकात तसा आरोप झाला आणि त्यात तथ्य होते. पश्चिमेकडील टोकाला एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह जुन्या गोदामाच्या माथ्यावर उभे राहिले. त्याच इमारतीत हॉटेल आहे आणि सुमारे ४५ आलिशान सदनिकाही. सुरुवातीला शहराच्या वाट्याला ७७ दशलक्ष युरो येतील असे सांगितले गेले होते. जानेवारी २०१७ मध्ये उद्घाटन होईपर्यंत हा वाटा ७८९ दशलक्षांवर गेला. सार्वजनिक पैसा आणि खासगी दिमाख यांचे हे मिश्रण लोकांना खुपले.

बदल दोन पातळ्यांवर झाला. पहिला, भूखंड देण्याच्या पद्धतीत. सर्वाधिक बोली लावणाऱ्याला जमीन देणे बंद झाले. घरांच्या भूखंडांसाठी प्रस्तावाच्या गुणवत्तेला सुमारे ७० टक्के आणि किमतीला ३० टक्के वजन देण्यात आले. निवडलेल्या विकासकाला जमीन लगेच मिळत नाही. आधी ठरावीक मुदतीसाठी ती राखून ठेवली जाते; त्या काळात वास्तुरचना स्पर्धा घ्यायची, परवानगी मिळवायची आणि मगच खरेदी करायची. वचन मोडले तर भूखंड शहराकडेच राहतो. जमीन साठवून भाव वाढण्याची वाट पाहण्याचा खेळ त्यामुळे अवघड होतो.

दुसरा बदल घरांच्या मिश्रणात. २०११ नंतर हॅम्बुर्गने एक तृतीयांश मालकीची घरे, एक तृतीयांश बाजारभावाने भाड्याची आणि एक तृतीयांश अनुदानित भाड्याची, असे सूत्र धरले. हाफेनसिटीच्या मधल्या आणि पूर्वेकडील भागांत ते लागू झाले. भाडेकरूंच्या सहकारी संस्था आणि एकत्र येऊन स्वतःची इमारत बांधणारी कुटुंबे यांनाही भूखंड मिळाले. तरीही अनुदानित घरांची गरज आणि उपलब्धता यांत अंतर आहेच, आणि पश्चिमेकडील महागडा भाग या सूत्राच्या आधीच बांधून झाला होता.

सगळे सुरळीत झाले का?

नाही. मध्यभागातील भव्य व्यापारी संकुलाचा दक्षिण भाग वर्षानुवर्षे रखडला आणि एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला. पूर्व टोकावर २४५ मीटर उंचीचा एल्बटॉवर उभा राहणार होता. त्यामागील सिग्ना हा ऑस्ट्रियन उद्योगसमूह अडचणीत आला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे शंभर मीटरवर काम थांबले. घरांच्या भूखंडांबाबत सावध असलेले शहर एका मनोऱ्याच्या मोहात कसे अडकले, हा प्रश्न त्यानंतर हॅम्बुर्गमध्ये जोरात विचारला गेला.

मुंबईशी याचा संबंध काय?

मुंबईची कथाही त्याच कंटेनरपासून सुरू होते. प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा, म्हणजे आताची इंदिरा गोदी (१९१४) यांनी शहराला श्रीमंत केले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर खाडीपलीकडे गेले. पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या ताब्यात सुमारे १,८०० एकर जमीन आहे. तिच्या वापराचा विचार करण्यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली. त्यानंतर बंदराला विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले आणि २०१८ मध्ये प्रारूप आराखडाही आला.

‘एक तृतीयांश’ हे सूत्र मुंबईलाही नवे नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक ‘म्हाडा’च्या घरांसाठी आणि एक मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त गिरणीच्या आवारातील रिकाम्या जमिनीपुरता उरला. शहराचा आणि कामगारांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरणगावात मनोरे आले आणि घरासाठी कामगारांचे वारस अजून फेऱ्या मारत आहेत.

हॅम्बुर्गचा नमुना इथे जसाच्या तसा चालेल का?

चालणार नाही. हाफेनसिटीची जागा जवळपास निर्मनुष्य होती. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर झोपडपट्ट्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेपट्टेदार आहेत, दारुखान्यात जहाजतोडणी चालते, भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव होतो आणि शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. ही जागा रिकामी समजून आराखडा केला, तर आल्टनवेर्डरचीच पुनरावृत्ती होईल. शिवाय २६ जुलै २००५ च्या पावसात भरती आणि पाऊस एकत्र आले की काय होते, ते शहराने पाहिले आहे. भराव टाकलेल्या सखल जमिनीवर घरे बांधायची तर रस्ता, जिना आणि तळघर कोणत्या उंचीवर, हे पहिल्या दिवशी ठरवावे लागेल.

तरीही दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, जमीन सार्वजनिक संस्थेच्या हातात असताना अटी घालता येतात. एकदा विकली की नियमात दुरुस्ती करून घ्यायला वेळ लागत नाही, हे गिरण्यांनी दाखवले. दुसरी, परवडणाऱ्या घरांचा वाटा पहिल्या इमारतीपासूनच लागू करावा लागतो. हॅम्बुर्गने तो दहा वर्षे उशिरा लावला आणि तोवर पश्चिमेकडील भूखंड हातचे गेले होते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर अजून तरी तो मोठा विक्रीचा टप्पा आलेला नाही.