घराच्या अंतर्भिंतींचे रंग : रहाटणी परिसरातील घरांच्या संदर्भात विवेचन

रंगाच्या दुकानात ग्राहकापुढे छटांचा जो तक्ता ठेवला जातो, त्यात आज हजाराहून अधिक छटा असतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ह्याच ग्राहकाच्या आजोबांपुढे चार किंवा पाच छटांपलीकडे निवड नव्हती. निवडीचे क्षेत्र इतके विस्तारले. परंतु निवड कोणत्या तत्त्वावर करावी ह्याचा विचार मात्र त्या प्रमाणात वाढलेला दिसत नाही. आवड, शेजाऱ्याचे घर, दुकानदाराची शिफारस आणि दिशावार रंगांचे छापील तक्ते ह्यांवरच बहुधा निर्णय होतो. वस्तुतः भिंतीचा रंग हा खोलीच्या प्रकाशव्यवस्थेचा एक भाग होय, आणि म्हणून त्याचा विचार पदार्थविज्ञान, रसायन व दृष्टिविज्ञान ह्या तिन्हींच्या आधारे होऊ शकतो. प्रस्तुत लेखात तो पिंपरी-चिंचवडमधील रहाटणीच्या घरांना अनुलक्षून केला आहे. पवनेच्या काठच्या ह्या पट्ट्यात जुन्या गावठाणातील घरे, गुंठ्या-दोन गुंठ्यांवरील एकमेकांस खेटून उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती आणि काँक्रीटच्या उंच गृहसंस्था अगदी जवळजवळ नांदतात. त्यामुळे एकच प्रश्न तीन वेगळ्या परिस्थितींत पारखून पाहता येतो.

देशावरील गावाची विभागणी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी होती. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. ह्या नावातच घराच्या भिंतीचा आद्य रंग नोंदलेला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण पांढऱ्या मातीचा उपयोग भिंती लिंपण्यासाठी व पोतेरा देण्यासाठी सर्रास होत असे. पुढे चुन्याची सफेदी आली. चुनकळी पाण्यात विरवली म्हणजे तिची निवळी भिंतीवर हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून घेते आणि पुन्हा चुनखडीचा कठीण थर बनते. हे मिश्रण अत्यंत अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीस मारक ठरते; दिवाळीपूर्वी घर सफेद करण्याच्या प्रथेत, पावसाळ्यातील ओलीनंतर भिंत निर्जंतुक करण्याचा हेतू साधला जाई, तो ह्यामुळेच.

परंतु ह्याच अल्कधर्मामुळे रंगांची निवड मर्यादित झाली, ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. चुन्यात टिकून राहतील असे रंगद्रव्य थोडेच. गेरू व पिवडी ही लोहाची संयुगे टिकतात. कपड्यांना घालावयाची नीळ, म्हणजे १८२६ ते १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये कृत्रिमरीत्या बनविता आलेले अल्ट्रामरीन, हीही टिकते. प्रशियन निळा मात्र चुन्यात नष्ट होतो. जुन्या घरांतून दिसणारी फिकट निळी, फिकट पिवळी, गुलाबी आणि मोरचूद घातलेल्या चुन्याची निळसर-हिरवी झाक ही सारी केवळ ‘लोकांची अभिरुची’ नव्हे. चुन्याने त्या अभिरुचीला आखून दिलेली ती चौकट होती. शिवाय चुना तेवढाच फिकट रंग देऊ शकतो, कारण त्यात रंगद्रव्य अधिक घातले की ते हाताला लागते. त्यामुळे जुनी खोली लहान खिडकीची असली तरी तिच्या भिंती आपोआप उजळ राहत. आजच्या ॲक्रिलिक इमल्शनात टिटॅनियमचे शुभ्र भस्म असते आणि त्यात कोणतीही गडद छटा मिळू शकते. बंधन सुटले, त्याबरोबर त्या बंधनाने नकळत दिलेले संरक्षणही गेले.

हे संरक्षण किती होते ते आकड्यांनी दाखविता येते. समजा, खोली ३ मीटर रुंद, ३.६ मीटर लांब व २.९ मीटर उंच आहे. भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस मीटर, तर छत आणि जमीन प्रत्येकी ११ चौरस मीटरांच्या आत. म्हणजे खोलीच्या एकंदर पृष्ठभागापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश भाग भिंतींचाच असतो. छत आपाती प्रकाशाच्या ८० टक्के आणि फिकट फरशी ४० टक्के प्रकाश परत फेकते असे धरू. भिंती फिकट, ७० टक्के परावर्तन करणाऱ्या असतील, तर सर्व पृष्ठभागांचे सरासरी परावर्तन ०.६६ येते, त्याच भिंती गडद, ३० टक्के परावर्तनाच्या असतील, तर ते ०.४१ वर उतरते. दिवसाच्या सरासरी प्रकाशाच्या प्रचलित सूत्रात, एकातून सरासरी परावर्तनाचा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येने भागावयाचे असते. त्या हिशेबाने पहिल्या खोलीचा गुणक १.७९ आणि दुसरीचा १.२० येतो. खिडकी तीच, आकाश तेच. परंतु फिकट खोलीत सरासरी प्रकाश दीडपट. खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात तर जवळजवळ सारा प्रकाश परावर्तित असतो, म्हणून तेथे हा भेद ह्याहून अधिक जाणवतो; आणि मुलांचे अभ्यासाचे टेबल बहुधा ह्याच कोपऱ्यात असते.

हल्ली एकच भिंत गडद ठेवण्याची पद्धत आहे. वरील खोलीत ३ मीटर रुंदीची एक भिंत ३० टक्क्यांची केली तर गुणक १.५८ होतो, म्हणजे प्रकाश सुमारे एक-अष्टमांशाने घटतो. मोठ्या खिडकीच्या खोलीत हा तोटा सहज सोसता येईल. गुंठ्यावरील इमारतीत, जिथे खिडकीसमोर आठ-दहा फुटांवर शेजारची भिंत उभी आहे, तिथे तो सोसू नये. गडद करावयाचीच असेल तर खिडकी ज्या भिंतीत आहे ती करावी असे काही सुचवितात. ते मात्र चुकीचे होय. त्या भिंतीवर थेट प्रकाश पडत नाही हे खरे, पण तिच्या गडदपणामुळे खिडकीची चौकट व बाहेरचे उजळ आकाश ह्यांतील विरोध वाढतो आणि डोळे दिपतात.

दिशेच्या प्रश्नाकडे वळले असता इंग्रजी पुस्तकांतून आलेला एक नियम प्रथम समोर येतो : उत्तरेच्या खोलीस उबदार रंग, दक्षिणेच्या खोलीस शीतल रंग. लंडन ५१.५ अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ १५ अंश वर येतो आणि उत्तरेच्या खिडकीस वर्षातील फार मोठा काळ फक्त निळसर आकाशप्रकाश मिळतो. रहाटणी १८.६ अक्षांशावर आहे. येथे त्याच दिवशी माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्यास तो थेट डोक्यावर येतो, तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्ही तो उत्तरेकडेच असतो, आणि २१ जूनच्या सुमारास पूर्व बिंदूच्या २५ अंश उत्तरेस उगवतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी व सायंकाळी उत्तरेच्या भिंतीवर ऊन येते, तर दक्षिणेच्या खिडकीतून खोलवर ऊन शिरते ते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे जेव्हा ते हवेसे वाटते तेव्हाच. उलट, त्रास पश्चिमेचा. म्हणून वरील नियम येथे जसाच्या तसा लावणे म्हणजे दुसऱ्या अक्षांशाचे पंचांग वाचण्यासारखे होय.

पश्चिमेच्या खोलीत सायंकाळचे तिरपे ऊन पिवळे-तांबूस असते. त्यात पिवळी अथवा जर्दाळू छटा दिली की भिंत पेटल्यासारखी दिसते; फिकट हिरवट-करडी किंवा निळसर पांढरी छटा त्या उन्हास सौम्य करते. मात्र ह्या शीतल रंगामुळे खोली थंड होईल अशी अपेक्षा ठेवू नये. उष्णता काँक्रीटच्या भिंतीतून व काचेतून येते. आतल्या रंगाचा तिच्यावर होणारा परिणाम नगण्य असतो. तापमान उतरवावयाचे असेल तर गच्चीस आणि बाहेरच्या पश्चिम भिंतीस पांढरा रंग द्यावा, खिडकीस छज्जा अथवा बाहेरून पडदा लावावा. समोरच्या इमारतीची भिंत हीसुद्धा एक ‘दिशा’च मानली पाहिजे. ती विटकरी असेल तर खोलीत येणारा प्रकाश आधीच तांबूस झालेला असतो आणि त्यात फिकट निळी भिंत मळकट दिसते. रंगाच्या कोणत्याही तक्त्यात ह्याची नोंद नसते.

तक्त्यावरील चौकोन व रंगविलेली खोली ह्यांत दिसणारा फरक हा ग्राहकांच्या तक्रारींचा मुख्य विषय. ह्याची दोन कारणे आहेत. पहिले दृष्टीचे : फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल ह्याने १८३९ मध्ये दाखवून दिले की शेजारचा रंग डोळ्यास दिसणाऱ्या रंगात बदल घडवितो. पांढऱ्या कागदावरील लहानसा चौकोन असतो त्याहून गडद भासतो. दुसरे कारण शुद्ध पदार्थवैज्ञानिक होय. समजा, पिवळसर छटा तांबड्या-पिवळ्या किरणांचे ८० टक्के व निळ्यांचे ५० टक्के परावर्तन करते, प्रमाण १.६ ला १. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊन प्रकाश पुन्हा परावर्तित झाला की हे आकडे ६४ आणि २५ होतात, प्रमाण २.५६ ला १. चार भिंती एकमेकींचा रंग अशा तऱ्हेने वाढवीत असतात. तक्त्यावर सौम्य साय वाटणारी छटा घरात लोणकढ्या तुपासारखी पिवळी दिसते ती ह्यामुळे. अमेरिकन चित्रकार मन्सेल ह्याने १९०५ मध्ये रंगाची वर्ण, उजळपणा व संपृक्तता अशी तीन अंगे वेगळी केली. त्या परिभाषेत सांगावयाचे तर वर्ण मनास येईल तो घ्यावा, उजळपणा खोलीच्या प्रकाशावरून ठरवावा आणि संपृक्तता मनात असेल त्याहून एक-दोन पायऱ्या खाली ठेवावी.

परीक्षा भिंतीवर चार पट्टे ओढून करू नये, कारण ते पट्टे एकमेकांना बिघडवितात. दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर वा प्लायवर रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो तुकडा वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी व दिवे लावल्यावर पाहावा. दिव्यांखालची पाहणी अगत्याची. कारण नोकरदार कुटुंब आपले घर पाहते ते मुख्यतः रात्री. साध्या तारेच्या दिव्यात तांबडा अंश भरपूर होता. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या नळीदिव्यात आणि हलक्या प्रतीच्या एलईडीत तो कमी असतो, आणि तेथे साय-रंगाची भिंत हिरवट, तर माणसाचा चेहरा फिकट दिसतो. अशा वेळी भिंत पुन्हा रंगविण्यापेक्षा दिवा बदलणे स्वस्त पडते.

रंगांच्या मानसिक परिणामांविषयी बाजारात बरेच बोलले जाते. ह्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण सिएटल येथील नौदलाच्या तुरुंगातील गुलाबी कोठडीचे. ह्या रंगाने कैद्यांचा आक्रमकपणा शमतो असे शाउस ह्याने १९७९ मध्ये प्रतिपादिले, आणि अनेक ठिकाणी कोठड्या गुलाबी झाल्या. २०१५ मध्ये गेन्शो व त्याच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील एका तुरुंगात काटेकोर तुलना केली, तेव्हा तसा कोणताही परिणाम आढळला नाही. बंदिस्त कोठडीत जे सिद्ध होत नाही ते दिवाणखान्यात सिद्ध मानण्यास आधार नाही. आग्नेयेच्या स्वयंपाकघरास तांबडा, ईशान्येस पिवळा अशा तक्त्यांविषयीही हेच म्हणता येईल. श्रद्धेने कोणी पाळीत असेल तर फिकट छटा घेऊन पाळावे. त्याने प्रकाशाचे नुकसान होत नाही.

ह्या औद्योगिक पट्ट्यातील घरांचा एक खास प्रश्न मात्र पुस्तकांत सापडत नाही. तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी घरी येतो आणि दिवसा झोपतो. दुपारी त्याच खोलीत मुलाचा अभ्यास असतो. झोपेसाठी अंधार हवा म्हणून शयनगृह गडद जांभळे वा तपकिरी करण्याचा सल्ला दिला जातो. वरील हिशेब पाहता गडद रंगाने प्रकाश दीड पटीने कमी होतो. झोपणाऱ्याच्या दृष्टीने ही घट क्षुल्लक, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने मोठी. जाड, अस्तर लावलेला पडदा प्रकाश दहापटीहून अधिक घटवितो आणि सायंकाळी बाजूस सारता येतो. भिंत फिकट ठेवून पैसा पडद्यावर खर्च करणे हेच येथे शहाणपणाचे.

वृद्धांचा विचारही असाच वेगळा करावा लागतो. वयाबरोबर बाहुली आकुंचन पावते व नेत्रभिंग पिवळसर होते; साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील माणसाच्या सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. पांढरी भिंत, पांढरी दारचौकट, पांढरे बटण हे आजचे नीटनेटके रूप त्याला अडचणीचे. चौकट व बटणफळी भिंतीहून स्पष्ट गडद असली की रात्री चाचपडणे टळते.

शेवटी जुन्या घरांविषयी एक सावधगिरी. भारतात गृहोपयोगी रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, तांबड्या व हिरव्या रंगांत, शिसे असण्याचा संभव आहे. दारे-खिडक्या आणि भिंतीचा खालचा तेलरंगी पट्टा कोरडाच घासला तर त्याची धूळ घरभर बसते. रांगत्या मुलाच्या हाताबरोबर ती तोंडात जाते आणि मेंदूच्या वाढीस अपाय करते. घासणे ओले करून करावे, त्या दिवसांत मुलांस व गर्भवतीस दुसरीकडे ठेवावे, आणि ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे रंगाखाली दडपू नयेत. पावसाळा संपल्यावर, गिलावा पुरता वाळल्यावाचून रंगाऱ्यास बोलावण्यात अर्थ नसतो. दिवाळी तोंडावर आलेली असली तरीही.