इंग्रजी वाक्यातील लहान शब्द

इंग्रजीतील सर्वांत अवघड शब्द कोणते, असे कोणी विचारले की आपण लांबलचक शब्दांकडे बोट दाखवतो. पण ‘युनिव्हर्सिटी’ किंवा ‘इलेक्ट्रिसिटी’ हे शब्द तसे गरीब आहेत. एकदा पाठ केले की जन्मभर ते हूं की चूं करीत नाहीत. खरा त्रास देतात ते दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे चिल्लर शब्द : टु, ॲट, ऑन, ऑफ, अप, आणि त्यांच्या शेजारी बसणारी आय, मी, हिम, इट ही सर्वनामे. मराठी शाळेतून आलेला हुशार मुलगा निबंधात मोठमोठे शब्द बिनचूक लिहितो आणि ‘आय मेट टु हिम’ लिहून मोकळा होतो. मग त्याला ‘कच्चा’ म्हणतात. तो कच्चा नाही, हे मला आज सांगावयाचे आहे. त्याने चूक केली ती मराठीच्या नियमाने केली आहे, आणि तो नियम त्याने अगदी बरोबर पाळला आहे.

कसा, ते पाहू. मराठीत आपण ‘मी त्याला भेटलो’ म्हणतो. या ‘ला’साठी मुलाने इंग्रजीत ‘टु’ घातला. ‘त्याला विचार’ याचे त्याने ‘आस्क टु हिम’ केले, ‘तिच्याशी लग्न केले’ याचे ‘मॅरीड विथ हर’ केले आणि ‘त्याविषयी चर्चा केली’ याचे ‘डिस्कस्ड अबाउट इट’ केले. प्रत्येक ठिकाणी मराठी प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय इमानाने इंग्रजीत उतरले आहे. पण ‘मीट’, ‘आस्क’, ‘मॅरी’, ‘डिस्कस’ ही इंग्रजी क्रियापदे मधे कोणी दलाल न ठेवता कर्माला थेट भेटतात. उलट ‘माझे ऐक’ यात आपल्याला कोणतेही अव्यय दिसत नाही, नुसती षष्ठी दिसते. तेथे इंग्रजीला मात्र ‘लिसन टु मी’ असा ‘टु’ हवा. ‘माझी वाट पाहा’ याचे ‘वेट फॉर मी’ होते, ‘माझ्याकडे बघ’ याचे ‘लुक ॲट मी’. माझे, माझी, माझ्याकडे अशी मराठीत तीन रूपे. इंग्रजीत सर्वनाम तिन्ही ठिकाणी एकच, ‘मी’, आणि बदलते ते अव्यय. (हा इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, तो आपला ‘मला’ आहे. या योगायोगाने किती मुलांना छळले असेल, देव जाणे.)

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अव्यय कोणते यावे, हे नाम ठरवीत नाही, क्रियापद ठरवते. मराठीतही तसेच आहे. आपण माणसावर रागावतो, माणसाला भितो आणि माणसाशी भांडतो. माणूस तोच, पण ‘वर’, ‘ला’, ‘शी’ ही निवड क्रियापदाची. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. तेव्हापासून विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये आपण शाळेत घोकत आलो. परंतु ती क्रियापदासह शिकवावीत, हे फारसे कोणी मनावर घेतले नाही. इंग्रजीच्या तासाला त्याची फळे दिसतात.

आता या विषयातला सर्वांत रसाळ भाग. इंग्रजीत लहान शब्द कधी नामाचा असतो, कधी क्रियापदाचा, आणि वरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. ही दोन वाक्ये घ्या : ‘वी टर्न्ड ऑफ द रोड’ आणि ‘वी टर्न्ड ऑफ द लाइट’. वेरूळला जाताना आम्ही मोठा रस्ता सोडून बाजूला वळलो, हे पहिले. आम्ही दिवा मालवला, हे दुसरे. ‘रोड’ आणि ‘लाइट’ सोडले तर शब्द तेच, क्रमही तोच. मग ‘ऑफ’ कोणाचा, हे ओळखायचे कसे? नामाच्या जागी सर्वनाम घालून पाहा. रस्त्याच्या वाक्यात ‘वी टर्न्ड ऑफ इट’ होते. दिव्याच्या वाक्यात ‘वी टर्न्ड इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. तेथे ‘टर्न्ड ऑफ इट’ कोणी इंग्रज म्हणणार नाही. म्हणजे पहिल्या वाक्यातला ‘ऑफ’ रस्त्याला बांधलेला आहे, दुसऱ्यातला क्रियापदाला. नाम असेपर्यंत हा भेद झाकलेला राहतो; ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही चालतात. सर्वनाम आले की पितळ उघडे पडते.

असे का व्हावे? सर्वनाम हा हलका शब्द आहे. ज्या वस्तूविषयी बोलणे आधीच झाले आहे तिच्यासाठी तो येतो, त्यावर आघात पडत नाही, म्हणून तो क्रियापदाला चिकटून बसतो. इंग्रजी वाक्याचे वजन बहुधा शेवटी येते. ते वजन अशा वाक्यात ‘ऑफ’ उचलतो. ‘इट’ला ते पेलत नाही.

आपल्याला हे परके वाटते, पण त्याचा जोडीदार आपल्या घरातच आहे. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक काय? दुसऱ्यात क्रिया पुरी करण्याचा भाव आहे. कोणी काही टाकत नाही. इंग्रजीत हेच काम ‘अप’ करतो. ‘ईट इट अप’ म्हणजे ते खाऊन टाक, ‘ड्रिंक इट अप’ म्हणजे ते पिऊन टाक. ‘अप’ म्हणजे ‘वर’ असे घोकलेला मुलगा येथे आकाशाकडे पाहत राहतो. त्याला नुसते ‘टाक’ म्हणा, लगेच समजेल. आपली संयुक्त क्रियापदे दुसरे क्रियापद जोडून जे साधतात, ते इंग्रजीने या चिल्लर शब्दांवर सोपवले आहे.

या कामी आपल्या शहराचा मुलगा खरे म्हणजे इतरांहून पुढे असावयास हवा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे अनेक व्याकरणांचे गाव आहे. घरी ‘मला’ म्हणणारा मुलगा गल्लीत आला की ‘मेरेकू’ म्हणतो आणि त्याला कोणी ते शिकवलेले नसते. ‘मी भाकरी खाल्ली’ यात मराठी क्रियापद भाकरीच्या मागे जाते. उत्तरेकडचा उर्दू बोलणारा ‘मैंने रोटी खाई’ म्हणून तेच करतो. पण आपल्या दख्खनीत ‘मैं रोटी खाया’ : ‘ने’ गेला आणि क्रियापद खाणाऱ्याच्या मागे आले. इंग्रजी ‘एट’ तर कोणाच्याच मागे जात नाही. तो, ती, ते, सर्वांना एकच रूप. म्हणून कोणी खाल्ले आणि काय खाल्ले, हे तेथे शब्दांच्या जागेवरूनच कळावे लागते. याच शहरात बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी अनेक वर्षे अंजुमन-तरक्की-ए-उर्दूचा संसार चालवला, आणि त्यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली येथूनच छापून निघाला. दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची परंपरा आपल्याला अपरिचित नाही.

‘आय’ आणि ‘मी’ यांविषयी थोडे. एके काळी इंग्रजी नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजले, सर्वनामांत तेवढे शिल्लक राहिले. त्यामुळे ‘बिट्वीन यू अँड आय’ अशी चूक खुद्द इंग्रजही करतात. मराठी माणूस ‘तुझ्यामाझ्यात’ म्हणताना कधी चुकत नाही, कारण सामान्यरूप त्याच्या जिभेवर असते. तेच सामान्यरूप आठवून ‘बिट्वीन यू अँड मी’ म्हटले की झाले. याउलट ‘मला ताप आला’, ‘मला आवडते’ येथे आपल्या ‘मला’चा इंग्रजीत ‘आय’ होतो. परंतु जुन्या इंग्रजीची तऱ्हा आपल्यासारखीच होती. शेक्सपिअरच्या नाटकांत येणारा ‘मिथिंक्स’ हा शब्द म्हणजे अक्षरशः ‘मला वाटते’.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. शब्दांच्या याद्या तेव्हापासून लवकर सुरू झाल्या, एवढेच. ‘लिसन म्हणजे ऐकणे’ असे पाठ करवण्याऐवजी ‘लिसन टु मी म्हणजे माझे ऐक’ असे क्रियापद, अव्यय आणि सर्वनाम एकत्र पाठ करून घ्यावे, आणि वहीत चूक सापडली की तिच्यामागचे मराठी वाक्य मुलाकडूनच वदवून घ्यावे. चूक कोठून आली हे त्याला स्वतःलाच दिसते. त्यासाठी शिक्षकाला मराठी व्याकरण पक्के यावे लागते, आणि अडते ते बहुधा तेथे.

अशी एक जागा सांगून थांबतो. ‘मला सांग’ याचे ‘टेल मी’ होते, ‘मला दाखव’ याचे ‘शो मी’. मग ‘मला समजावून सांग’ याचे ‘एक्सप्लेन मी’ का नाही? ‘एक्सप्लेन इट टु मी’ का? टेल, शो, गिव्ह ही इंग्रजीची घरची, जुनी क्रियापदे. ती माणूस आणि वस्तू दोघांना एकदम पोटाशी धरतात. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट ही लॅटिनकडून आलेली पाहुणेमंडळी. ती वस्तू आधी घेतात, आणि माणसाला ‘टु’च्या दारातूनच आत येऊ देतात.