टीव्हीला डबा जोडण्याआधी

आज बोलायचंय ते आपल्या स्वतःच्या व्हिडिओंबद्दल. मसाला पॅकिंगचं प्रशिक्षण, गांडूळखताचं प्रात्यक्षिक, लेकीचं लग्न, जुन्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या, असं पुष्कळ काही आपल्या फोनमध्ये आणि पेनड्राइव्हमध्ये साठलेलं असतं. ते टीव्हीवर सगळ्यांना एकत्र दाखवायचं तर काय विकत घ्यावं? मी स्वतः यात चुकले आहे, म्हणून सांगते.

८ मार्चला आमच्या समाजमंदिरात कार्यक्रम होता. आमच्या गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या अक्का त्याच थंडीत गेल्या होत्या. त्यांच्या ओव्या मी आधीच फोनवर घेऊन ठेवल्या होत्या. आईला बघायला त्यांची लेक सासरहून मुद्दाम आली होती. टीव्हीवर दाखवायला म्हणून मी गटाच्या शिलकीतून, सगळ्यांना विचारून, टीव्हीला लावायची स्टिक आणली होती. जाहिरातीत तीच दिसते ना!

स्टिक लावली, तर पडद्यावर आलं, वाय-फाय जोडा. समाजमंदिरात वाय-फाय कुठलं? आणि आत फोनलाही रेंज नाही. पेनड्राइव्ह लावावा, तर स्टिकला ती जागाच नाही. शेवटी एका मुलाने पेनड्राइव्ह टीव्हीच्याच मागे लावला. अक्कांचा आवाज आला, पण चित्र नाही. काळ्या पडद्याकडे बघत सगळ्या बायांनी ओव्या ऐकल्या. लेक काही बोलली नाही, पण मला फार लागलं.

नंतर नीट चौकशी केली, तेव्हा कळलं की चूक यंत्राची नव्हती. मी दुकानात जाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायला हवे होते.

पहिला प्रश्न: आपला माल कुठे आहे? स्टिक मुख्यतः इंटरनेटवरचं दाखवायला बनवलेली असते. पहिल्यांदा सुरू करतानाही तिला इंटरनेट लागतं. घरी चांगलं वाय-फाय असेल आणि यूट्यूब बघायचं असेल, तर ती छान. पण आपला माल पेनड्राइव्हमध्ये असेल, तर यूएसबीची जागा असलेलं यंत्रच हवं. अँड्रॉइड टीव्ही बॉक्स म्हणून छोटा डबा मिळतो, त्यातल्या बऱ्याच डब्यांना ती जागा असते. त्यात व्हीएलसी नावाचं ॲप टाकायचं. ते फुकट आहे आणि जवळजवळ सगळ्या प्रकारच्या फाइली चालवतं. डबा सुरू करणं आणि ॲप टाकणं ही दोन कामं इंटरनेट असलेल्या घरी उरकून घ्यायची. मग समाजमंदिरात रेंज नसली तरी अडत नाही.

दुसरा प्रश्न: आपल्या टीव्हीला काय काय जोडता येतं? मागे चपटी, रुंद एचडीएमआयची जागा असेल, तर स्टिक आणि डबा दोन्ही चालतात. जुन्या टीव्हीला नुसती लाल, पांढरी, पिवळी वायर लागते. तिथे स्टिक थेट लागणार नाही. तशी वायर लावता येईल असा डबा मागायचा. आणि टीव्हीलाच यूएसबी असेल, तर आधी पेनड्राइव्ह लावून बघा. चाललं, तर एक रुपयाही खर्च नको.

तिसरा प्रश्न: फाइल कोणत्या जातीची आहे? आमचं चित्र इथेच अडलं. जागा वाचावी म्हणून नवे फोन एच.२६५ पद्धतीने व्हिडिओ साठवू शकतात. जुन्या टीव्हीला ती पद्धत कळत नाही, एच.२६४ कळते. म्हणून आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते. रेकॉर्डिंगच्या आधी एच.२६४ निवडा. आधी घेतलेले व्हिडिओ संगणकावर बदलून मिळतात.

आणखी एक. पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही मोठी फाइल जात नसेल, तर घाबरू नका. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लांबलचक कार्यक्रम एकसलग न घेता तुकड्यांत घ्या. कुणी पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला सांगितलं, तर आधी सगळं दुसरीकडे उतरवा. फॉरमॅट केला की आतलं सगळं पुसलं जातं.

डबा अगदी स्वस्त, बिननावाचा घेऊ नका. काही डब्यांत कारखान्यातूनच चोरटं सॉफ्टवेअर आलेलं सापडलं आहे. जर्मनीच्या सायबर सुरक्षा खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये अशा सुमारे ३० हजार यंत्रांचा चोरट्यांशी असलेला संपर्क तोडला. त्यांत मीडिया प्लेअरही होते. आपल्या डब्यात गटाच्या बँकेचं काही उघडायचंच नाही. आणि पैसे देण्याआधी आपला पेनड्राइव्ह, आपली फाइल दुकानातच लावून बघा. साडी उलगडून बघतो की नाही आपण? तसंच. बिल घ्या आणि गटाच्या वहीत नोंद करा.

शेवटचं, पण मोठं. यंत्र बिघडलं तर दुसरं आणता येईल. अक्कांच्या ओव्या पुन्हा कोण म्हणणार? म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या घरांत.

आम्ही ती फाइल बदलून घेतली. पुढच्या बैठकीला अक्कांची लेक पुन्हा आली. तोच टीव्ही, तोच पेनड्राइव्ह, नवा डबा नाहीच. या वेळी अक्का दिसल्या. एक प्रत लेक सासरी घेऊन गेली.

तर मैत्रिणींनो, आधी तीन प्रश्न, मग दुकान. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.