मॉनिटरवरील रंग बिघडतात तेव्हा

या स्मरणिकेसाठी अन्नपूर्णा मंदिराच्या जुन्या प्रवेशद्वाराचे एक रंगीत छायाचित्र आम्ही निवडले होते. मंदिर १९५९ सालचे. द्वारावरील ते सजविलेले हत्ती ज्यांनी लहानपणी पाहिले, त्यांना त्यांचे रंग निराळे सांगावयास नकोत. परंतु न्यासाच्या कार्यालयातील संगणकावर चित्र उघडले, तो हत्ती हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे, आणि आकाश हिरवट, मळकट!

छायाचित्रच विटले असावे, असे एक मत पडले. दुसऱ्यांच्या मते मॉनिटर बाद झाला होता. नवा घ्यावा आणि खर्च तूर्त विद्यार्थी-साहाय्य निधीतून उचलावा, अशी सूचनाही आली. त्या निधीतून मुलांची वह्या-पुस्तके येतात. म्हणून आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. प्रत्यक्षात पाऊण तास पुरला.

ज्या इंदुरात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन शिकले, तेथे रंगांविषयी आम्ही काय सांगावे! पण मॉनिटरचे गणित रंगपेटीहून वेगळे आहे. रंगपेटीत पिवळा व निळा मिसळला की हिरवा होतो. मॉनिटरवर रंग नसतात, प्रकाश असतो. तोही तांबडा, हिरवा व निळा असा तीनच प्रकारचा. तिन्ही पूर्ण उजळले की पांढरे दिसते. त्यांतील निळा गळाला की उरलेल्या तांबड्या-हिरव्याचे पिवळे होते. हिरवा गळाला तर सारे जांभळट गुलाबी, आणि तांबडा गळाला तर निळसर हिरवे. तेव्हा पांढऱ्या जागेकडे पाहिले की कोणता भिडू गैरहजर आहे ते लगेच कळते. आमच्याकडे निळा गैरहजर होता.

तो कोठे हरवला, हे शोधण्याची युक्ती फार सोपी आहे. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली बटणे असतात. ती दाबली की उजेड कमीजास्त करण्याची यादी उमटते. ही यादी संगणकाकडून येत नाही, मॉनिटर स्वतःच काढतो. यादीचे रंगही बिघडलेले असतील तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या मांडणीत. त्याच यादीतील ‘रीसेट’ आधी करून पाहावे. यादी स्वच्छ आणि चित्र तेवढे बिघडलेले असेल, तर मॉनिटर निर्दोष समजावा व केबलकडे वळावे. आमची यादी दुधासारखी पांढरी उमटली.

केबल जुन्या व्हीजीए जातीची होती. तिच्या टोकाला तीन ओळींत पंधरा पिना असतात. पहिल्या तीन अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा रंग नेतात. संगणक बंद करून टोक काढले, तो तिसरी पीन वाकून आडवी झालेली! बहुधा टेबल सरकविताना कोणी घाईने खुपसले असावे. (पुष्कळ केबलींत नववी पीन मुळातच नसते, ती दिसली नाही म्हणून घाबरू नये.) चिमट्याने पीन सरळ करताच आकाश निळे झाले. मात्र ती पुन्हा मोडेल म्हणून केबल बदलली.

केबलही चांगली असेल तर संगणकाची मांडणी पाहावी. विंडोजमध्ये ‘नाइट लाइट’ नावाची सोय आहे. ती संध्याकाळी आपोआप निळा प्रकाश कमी करते व सारे पिवळसर तांबूस होते. मुलांनी ती कधी सुरू केली हे वडीलमंडळींस ठाऊक नसते, आणि रोज दिवेलागणीला मॉनिटर बिघडतो अशी तक्रार येते! ‘कलर फिल्टर’ सुरू झाला तर सगळे कृष्णधवलही होऊ शकते. दोन्ही बंद करण्यास दुकानदार लागत नाही. उभ्या रंगीत रेघा कायमच्या दिसू लागल्या, तर मात्र बहुधा आतील पॅनेलचे दुखणे असते. तेथे घरच्या स्क्रूड्रायव्हरचे काम नाही. जुन्या काचेच्या नळीचे मॉनिटर तर मुळीच उघडू नयेत. त्यांत बंद केल्यावरही जबर वीजदाब राहतो.

रंग दुरुस्त झाले तरी मुखपृष्ठ आम्ही मॉनिटर पाहून पसंत केले नाही. छपाईची शाई मॉनिटरवरचा झगझगीत हिरवा किंवा केशरी तसाच उतरवू शकत नाही. म्हणून छापखान्यातून कागदावरचा नमुना मागवून तो दिवसाच्या उजेडात, ओटीवर नेऊन पाहिला. हत्तींच्या झुली किंचित फिक्या वाटल्या. तेवढी दुरुस्ती करविली. मॉनिटर अद्याप तोच आहे, केबल तेवढी नवी.